वडिलांची अलिप्तता, संशय आणि मेंदूतले पाणी : एनपीएचमधील मानसिक लक्षणांविषयी अनुभव हवे आहेत

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

सर्व सदस्यांना नमस्कार.

माझे वडील ७३ वर्षांचे असून पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले आहेत. सकाळी सहाला घाटापर्यंत फिरून येणे, येताना वर्तमानपत्र आणणे आणि त्यातील शब्दकोडे पेनाने सोडवणे (पेन्सिल वापरणाऱ्यांना ते भित्रे म्हणत) हा त्यांचा नेम निवृत्तीनंतरही कधी चुकला नव्हता. अडीच वर्षांपूर्वी हे सारे एकेक करून थांबले. आधी कोडे सोडवणे थांबले, मग रेडिओ बंद झाला, आणि नातीचा बारावीचा निकाल सांगितला तेव्हा ‘बरं’ एवढेच म्हणून ते भिंतीकडे पाहत बसले. ते दुःखी दिसत नव्हते. रडणे नव्हते, जेवण व्यवस्थित होते, झोपही लागत होती. आम्ही त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडे नेले, नैराश्याचे निदान झाले आणि एस्सिटॅलोप्रॅम सुरू झाले. चार महिन्यांत काहीच फरक पडला नाही, म्हणून मात्रा वाढवली. तरीही फरक पडला नाही.

पुढे संशय सुरू झाला. आई चहात काहीतरी मिसळते, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू रात्री टाकीचा व्हॉल्व्ह फिरवून आमचे पाणी तोडतो, असे ते म्हणू लागले, आणि त्याच्या वेळेनिशी नोंदी एका वहीत ठेवू लागले. स्वतःहून करत असलेले तेवढे एकच काम उरले होते. त्यावर रिस्पेरिडोन सुरू झाले. संशय थोडा मवाळ झाला, पण चाल इतकी बिघडली की दोन महिन्यांत ते तीनदा पडले. आता आठवले तर चाल त्याच्याही आधीपासून बिघडलेली होती. आम्ही ती गुडघ्यांच्या खात्यावर टाकली होती आणि रात्री अंथरूण ओले होणे प्रोस्टेटच्या खात्यावर. तिसऱ्यांदा पडले तेव्हा डोक्याचा एमआरआय झाला. मेंदूतील पाण्याच्या पोकळ्या वयाच्या मानाने फार मोठ्या झालेल्या आहेत, हा नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस (एनपीएच) असावा, असे न्यूरोफिजिशियनांनी सांगितले. येत्या गुरुवारी पाठीतून पाणी काढून चाचणी करायची आहे आणि ती आशादायक ठरली तर शंट, म्हणजे जास्तीचे पाणी मेंदूतून पोटात नेणारी नळी, बसवण्याविषयी बोलणे होईल.

चाल, लघवी आणि स्मरणशक्ती या तिघांविषयी सगळीकडे वाचायला मिळते. अलिप्तता आणि संशय हेही याच आजाराचे असू शकतात का, आणि पाणी काढल्यावर ते जातात का, हे मला आपल्या अनुभवांतून समजून घ्यायचे आहे. आईचा प्रश्न मात्र वेगळा आहे. ती विचारते, ‘मग हे मला दोन वर्षे जे बोलले, ते हे बोललेच नव्हते का?’ याला काय उत्तर द्यावे, ते मला सुचलेले नाही.

दर्यावर्दी

आमच्या आईला चार वर्षांपूर्वी हेच झाले होते, म्हणून सविस्तर लिहितो. आई शिक्षिका होती आणि तिचा आवाज शाळेच्या शेवटच्या वर्गापर्यंत पोहोचत असे. ती हळूहळू गप्प झाली. विचारले तर उत्तर देई, पण उत्तर येईपर्यंत विचारणारा पुढच्या कामाला लागलेला असे. गणपतीत घरभर पाहुणे असताना ती ओसरीवर बसून राहिली, उकडीचे मोदक कोणी केले हेही तिने विचारले नाही. आम्ही भावंडांनी तो वडिलांच्या जाण्याचा परिणाम मानला, कारण वडील त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. घरात दुःखाचे कारण तयार असले की मेंदूकडे कोणाचे लक्ष जात नाही.

शंट बसवल्यावर चालीतला फरक पहिल्या आठवड्यातच दिसला. लघवीवरचा ताबा दोन-तीन महिन्यांत सुधारला. गप्प राहणे मात्र सर्वांत शेवटी आणि अर्धवटच गेले. आज ती विचारल्यावर लगेच उत्तर देते आणि दूरदर्शनवरील बातमीवर टीकाही करते. पण स्वतःहून एखादे काम हाती घेणे परत आलेले नाही. कोयती हातात दिली तर नारळ सोलते. कोयती घेऊन ये असे मात्र कोणीतरी म्हणावे लागते.

रिकामटेकडा

या आजारातील चालीचे वर्णन ‘पाय जमिनीला चुंबकाने चिकटल्यासारखे’ असे करतात, ते वाचून आमच्या तालुक्याच्या कचेरीतील फाइल आठवली. तीही उचलली जात नाही, घासतच पुढे सरकते, आणि वळणावर तर पूर्णच थांबते. (धाग्याचा विषय गंभीर आहे याची जाणीव आहे. माझे काका याच आजाराने दोन वर्षे असे चालले आणि हा विनोद त्यांचाच आहे.)

भिषग्वर

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. रुग्णाला न पाहता निदान करण्याचा माझा हेतू नाही, त्यामुळे पुढील मजकूर सर्वसाधारण माहिती म्हणूनच वाचावा.

धागाकर्त्यांनी नकळत एक फार महत्त्वाची नोंद केली आहे : ‘ते दुःखी दिसत नव्हते.’ नैराश्य असलेल्या माणसाला यातना होत असतात. त्याला अपराधी वाटते, निरर्थक वाटते, पहाटे जाग येते, आणि तो बोलत नसला तरी ते चेहऱ्यावर दिसते. अलिप्ततेत यातना नसते. माणसाला काही करावेसे वाटत नाही आणि ते वाटत नाही याचे त्याला काही वाटतही नाही. एनपीएचच्या मानसिक लक्षणांमध्ये ही अलिप्तता सर्वाधिक आढळते, हे जपानमधील रुग्णांच्या अभ्यासांत स्पष्टपणे दिसले आहे. चिंता आणि चिडचिड किंवा आक्रमकता त्यामागोमाग येतात. खरे नैराश्यही काहींना असते. भ्रम, भास, अतिउत्साहाचे झटके, एकच कृती पुन्हा पुन्हा करण्याची सक्ती, जोडीदाराच्या चारित्र्याविषयी ठाम संशय यांची नोंद वैद्यकीय वाङ्मयात आहे. पण ती बरीचशी एकेकट्या रुग्णांच्या वृत्तान्तांच्या रूपात आहे, म्हणून त्यांचे प्रमाण छातीठोकपणे सांगणे योग्य नव्हे.

असे का होते, याचे उत्तर मेंदूच्या रचनेत आहे. कपाळामागचा मेंदूचा भाग आणि खोलवरची केंद्रके यांना जोडणारे तंतू पाण्याच्या पोकळ्यांच्या अगदी भिंतीलगत जातात. इच्छा होणे, कामाला हात घालणे, भावनेला लगाम घालणे ही कामे या मार्गांवर अवलंबून असतात. पोकळ्या फुगल्या की हे तंतू ताणले जातात आणि तेथील रक्तपुरवठाही घटतो. म्हणूनच या रुग्णांची स्मृती अल्झायमरपेक्षा वेगळी बिघडते : थोडा धागा हाती दिला की गोष्ट आठवते, पण ती शोधायला मन स्वतःहून निघत नाही.

आता औषधांविषयी. रिस्पेरिडोनसारखी औषधे मेंदूतील डोपामिन या निरोप पोहोचवणाऱ्या रसायनाला अडवतात आणि त्यामुळे कोणत्याही वृद्धाची चाल मंदावू शकते. ज्याची चाल आधीच बिघडलेली आहे त्याच्या बाबतीत तर पडण्याचा धोका उघडच आहे. ॲमिट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचे औषध किंवा लघवीसाठी दिले जाणारे ऑक्सिब्युटिनिन यांमुळे वृद्धांचा गोंधळ वाढू शकतो. एस्सिटॅलोप्रॅमने वयस्कांच्या रक्तातील सोडियम घटू शकते आणि रक्तस्रावाची शक्यताही किंचित वाढते, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी ते चालू असल्याचे शल्यविशारदांना सांगावे. ॲस्पिरिन चालू असल्यास तेही सांगावे. मात्र यांपैकी कोणतीही गोळी घरच्या घरी बंद करू नये.

आमच्या शाखेची एक चूकही कबूल करतो. बाह्यरुग्ण विभागात आम्ही मान वर करतो तेव्हा रुग्ण समोरच्या खुर्चीत बसलेला असतो. तो दारापासून खुर्चीपर्यंत कसा आला, हे पाहायचे राहूनच जाते.

वाकडेबोट

डॉक्टरांविषयी आदर ठेवून मतभेद नोंदवतो. माझे सासरे वयाच्या सत्तरीत चिडके आणि संशयी झाले, नव्वदीत तसेच गेले, आणि त्यांच्या मेंदूचे चित्र कोणीही काढले नाही. म्हातारपणी मेंदू आक्रसतो आणि त्यामुळे पोकळ्या मोठ्या दिसतात, हे तर सर्वश्रुत आहे. चालताना अडखळणे, लघवी न थांबणे आणि विसरणे या तीन गोष्टी एकत्र असलेले आजोबा प्रत्येक वाड्यात सापडतील. आता त्यात संशय आणि अलिप्तता यांचीही भर घातली, तर गप्प बसणाऱ्या प्रत्येक वृद्धाच्या डोक्यात नळी बसवावी लागेल. आजाराच्या नावातच ‘नॉर्मल’ शब्द असताना तो आजार कसा, हेही मला कोणी समजावून द्यावे.

सदाफुली

वाकडेबोट, नावातील ‘नॉर्मल’ हे विशेषण पाण्याच्या दाबाचे आहे, रुग्णाचे नव्हे. पाठीत सुई घालून दाब मोजला तर तो नेहमीच्या मर्यादेत निघतो, एवढाच त्याचा अर्थ आहे.

हा घोळ मुळापासून समजून घ्यायचा असेल तर कोलंबियात जावे लागते. १९५७ मध्ये बोगोटा येथील सान हुआन दे दिओस रुग्णालयात सालोमोन हाकिम या तरुण शल्यविशारदांसमोर अपघातात जखमी झालेला १६ वर्षांचा मुलगा आला. तो बोलत नव्हता, प्रतिसाद देत नव्हता, पोकळ्या फुगलेल्या होत्या. दाब मात्र ठीक होता. तपासणीसाठी थोडेसे पाणी काढले आणि दुसऱ्या दिवशी मुलगा बोलू लागला. सुधारणा टिकली नाही, म्हणून पुन्हा काढले, पुन्हा तसेच घडले. १९६४ मध्ये हाकिम यांनी त्यावर प्रबंध लिहिला आणि १९६५ मध्ये बॉस्टनच्या रेमंड ॲडम्स यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या लेखांमुळे जगाला या आजाराची ओळख झाली.

हाकिम यांचे स्पष्टीकरण पाटबंधारे खात्यातील अभियंत्याला नक्की आवडेल. बल म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. पोकळी एकदा मोठी झाली की तिच्या भिंतींचे क्षेत्रफळ वाढते, त्यामुळे दाब नेहमीइतका असला तरी भिंतीवर पडणारे एकूण बल वाढलेलेच राहते.

कोनमापक

सदाफुली, स्पष्टीकरण सुबक आहे, पण आजार तेवढ्याने सुटत नाही. पाण्याच्या शोषणातील अडथळा, रक्तवाहिन्यांची ताठरता, रात्रीच्या वेळी होणारी दाबाची चढउतार अशा अनेक गोष्टींचा आज विचार होतो. आपल्या शरीरात हे पाणी दिवसाला साधारण ५०० मिलिलिटर तयार होते आणि एका वेळी मात्र १५० मिलिलिटरच्या आसपासच असते, म्हणजे ते दिवसातून तीनदा तरी पूर्ण बदलते. इतक्या वाहत्या व्यवस्थेला बंद भांड्याचा नियम लावताना जपून लावावा.

रिकामटेकडा

म्हणजे आवक-जावक पाहिल्याशिवाय नुसती धरणाची पातळी सांगण्यात अर्थ नाही. कृष्णाकाठ, बाबांना हे नक्की समजेल.

भिषग्वर

वाकडेबोट यांची शंका रास्त आहे, ती टिंगलीवारी नेऊ नये. वयोमानाने आक्रसलेल्या मेंदूतही पोकळ्या मोठ्या दिसतात. म्हणून केवळ चित्रावरून निदान करत नाहीत. पोकळ्यांच्या पुढच्या शिंगांची रुंदी आणि कवटीची आतील रुंदी यांचे गुणोत्तर ०.३ पेक्षा अधिक आहे का, माथ्याकडच्या भेगा दाटलेल्या आणि बाजूच्या भेगा रुंदावलेल्या आहेत का, हे पाहतात. त्यावर चालीची तपासणी आणि पाणी काढून येणारा प्रतिसाद यांची जोड देतात.

नळीचा उपयोग हा नुसता भास आहे का, याचीही परीक्षा झाली आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ९९ रुग्णांना शंट बसवला, पण निम्म्यांच्या नळीतील झडपेची पातळी (ज्या दाबाला ती उघडते तो दाब) एवढी वर ठेवली की पाणी जवळजवळ वाहूच नये. कोणाची झडप उघडी आहे, हे रुग्णांना ठाऊक नव्हते. तीन महिन्यांनी उघडी झडप असलेल्यांचा चालण्याचा वेग स्पष्टपणे वाढलेला होता, दुसऱ्या गटाचा नव्हता. स्मरणशक्तीच्या चाचणीत आणि लघवीच्या तक्रारीत मात्र तेवढ्या काळात ठळक फरक दिसला नाही, आणि मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचण्याचे प्रमाण उघड्या झडपेच्या गटात अधिक होते. चालीची आशा भक्कम पायावर उभी आहे, मनाविषयीची आशा त्या मानाने बेताची ठेवावी लागते, असे मी माझ्या रुग्णांच्या घरच्यांना सांगतो.

वाकडेबोट

झडप बंद ठेवून केलेल्या परीक्षेची माहिती मला नव्हती. चालीपुरती शंका मागे घेतो. संशयापुरती अजून राखून ठेवतो.

पाऊलवाट

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुरुवारच्या चाचणीत साधारण ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढतात आणि त्याच्या आधी व नंतर चाल तपासतात. घरच्यांनी आधीच काही गोष्टी टिपून ठेवल्या तर त्यांचा फार उपयोग होतो. सपाट जागेवर १० मीटर अंतर आखून ते किती सेकंदांत आणि किती पावलांत पार होते ते मोजावे. खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन, वळून, परत येऊन बसायला किती वेळ लागतो तेही मोजावे. वळताना किती पावले पडतात ते मोजायला विसरू नये, कारण निरोगी माणूस दोन-तीन पावलांत वळतो आणि या रुग्णांना सात-आठ लागलेली मी पाहिली आहेत. या सगळ्याचे मोबाइलवर चित्रीकरण करावे. आपल्या आठवणीतली चाल आपल्या आशेप्रमाणे बदलत असते.

पार्किन्सनशी होणारी गल्लत टाळण्यासाठी एक निरीक्षण सांगते. एनपीएचमध्ये पाय फाकवून, पंजे बाहेर वळवून चालतात आणि हातांचे झोके बरेचदा टिकून असतात. पार्किन्सनच्या रुग्णासाठी जमिनीवर पट्ट्या आखल्या तर तो त्या ओलांडत सुरळीत चालू लागतो; एनपीएचच्या रुग्णाला अशा खुणांचा विशेष उपयोग होत नाही.

योकोहामाकर

जपानमध्ये या आजाराकडे फार लक्ष दिले जाते आणि त्याची मार्गदर्शक तत्त्वे येथे २००४ मध्येच प्रसिद्ध झाली होती. येथे डोक्याऐवजी कंबरेच्या मणक्यातून पोटात नळी नेण्याची शस्त्रक्रियाही पुष्कळ केली जाते, त्यामुळे कवटीला छिद्र पाडण्याच्या कल्पनेने घाबरलेले वृद्ध तिला लवकर तयार होतात. ती सर्वांना चालत नाही. कंबरेचे मणके फार झिजलेले असतील तर नाही म्हणतात.

मालतीबाई_नागपूर

मी या संकेतस्थळावर बहुतेक वाचनच करते. कृष्णाकाठ यांच्या आईंचा प्रश्न वाचला आणि दोन दिवस विचार करून लिहायला बसले.

माझ्या यजमानांनी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी माझ्या चारित्र्यावर संशय घेतला. मी तेव्हा ६८ वर्षांची होते आणि संधिवातामुळे मला शेजारच्या गल्लीतील किराणा दुकानापर्यंतही जाता येत नव्हते. ज्यांच्याविषयी संशय होता ते गृहस्थ आमच्या बँकेचे निवृत्त शिपाई, दिवाळीला फराळ घेऊन येणारे. पहिल्यांदा मी हसले. दुसऱ्यांदा रडले. त्यानंतर सुनेदेखत ते मला जे बोलले, ते मी येथे लिहिणार नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला ‘अगं’ सोडून दुसऱ्या शब्दाने हाक मारली नव्हती.

मुलाने डॉक्टर बदलले, गोळ्या बदलल्या. नातेवाइकांत कोणी म्हणाले की जुने काहीतरी मनात असेल, ते आता बाहेर पडते आहे. हे वाक्य मला आजाराहून जास्त लागले. पुढे पाय घासू लागले, कपडे ओले होऊ लागले, तेव्हा स्कॅन झाले आणि शंट बसला. सहा आठवड्यांनी संशयाचे बोलणे कमी झाले, चार महिन्यांनी थांबले. चालणे पहिल्यासारखे झाले नाही, काठी लागते; आमच्या बाबतीत उलटेच घडले म्हणायचे.

एके दिवशी मी धीर करून त्यांना विचारले की तुम्हाला ते सगळे आठवते का. ते म्हणाले, ‘आठवते. तेव्हा मला ते दिसत होते, जसा आता हा पंखा दिसतो तसे. खोटे होते हे आज कळते, पण तेव्हा खोटे वाटत नव्हते.’ एवढे बोलून त्यांनी माझा हात धरला नाही की क्षमा मागितली नाही, चहा मागितला. डॉक्टर म्हणतात ती अलिप्तता थोडी उरली आहे.

आपल्या आईंना सांगा की ‘ते बोललेच नव्हते’ असे मी स्वतःला कधीच पटवू शकले नाही, कारण आवाज त्यांचाच होता. पण त्या वेळी ते माझ्याकडे पाहत नव्हते, त्यांच्या डोळ्यांसमोर जे उभे होते त्याच्याशी बोलत होते, असे मी मानले. त्यावर माझे भागले. त्यांचे भागेल की नाही, ते मी सांगू शकत नाही.

दर्यावर्दी

मालतीकाकू, आपण लिहिलेत हे फार बरे केलेत.

शमा

काळजी घेणाऱ्या व्यक्तीचीही कोणीतरी विचारपूस करायला हवी, हे मालतीकाकूंच्या लिखाणावरून पुन्हा जाणवले. शासनाची टेलिमानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, आणि ती केवळ रुग्णांसाठी नाही. मी स्वतः तेथे मराठीत बोलले आहे.

फोंडेकर

येथपर्यंतच्या बहुतेक कथा सुधारणेच्या आहेत, म्हणून दुसरी बाजूही नोंदवतो. माझ्या वडिलांची पाणी काढण्याची चाचणी अर्धवट चांगली आली आणि आम्ही आशेने शंट बसवला. तीन आठवड्यांनी डोकेदुखी आणि गुंगी वाढली; पाणी गरजेपेक्षा जास्त वाहून मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचले होते. पुन्हा शस्त्रक्रिया झाली. त्यातून ते वाचले, चाल वर्षभर थोडी बरी राहिली, पण संशय आणि भास वाढतच गेले आणि पुढे अल्झायमरही सोबत असल्याचे निष्पन्न झाले. दोन्ही आजार एकाच डोक्यात राहू शकतात, हे आम्हाला आधी कोणी स्पष्ट सांगितले नव्हते, किंवा सांगितले असेल तर आम्ही ते ऐकून घेतले नव्हते. शस्त्रक्रियेचा मला पश्चात्ताप नाही. पण ‘नळी बसली की बाबा परत येतील’ हे वाक्य मी आईला दहा वेळा सांगितले होते, त्याचा आहे.

कोनमापक

खर्चाविषयी कोणी विचारलेले नाही, पण हा प्रश्न येणारच आहे. ज्यांची पातळी बाहेरून चुंबकाने बदलता येते अशा झडपा साध्या झडपांच्या कित्येक पट महाग असतात. आपल्याकडे उत्तर प्रदेशातील शाहजहानपूर येथे तयार होणारा छाब्रा शंट पुष्कळ वापरला जातो, आणि युगांडात लहान मुलांवर झालेल्या तुलनेत तो महागड्या विदेशी झडपेच्या तोडीचा ठरला होता. अर्थात तो बालकांचा वेगळा आजार आहे. फोंडेकर यांच्या वडिलांना झाले तसे जास्त पाणी वाहू लागले, तर बदलता येणाऱ्या झडपेची पातळी चिरफाड न करता वाढवता येते, म्हणून वृद्धांसाठी ती सुचवली जाते. तिचे एक पथ्य आहे : एमआरआयच्या चुंबकाने काही झडपांची पातळी बदलते, म्हणून त्यानंतर ती तपासून घ्यावी लागते.

रिकामटेकडा

अमेरिकन गायक बिली जोएल यांनाही हाच आजार असल्याचे मे २०२५ मध्ये जाहीर झाले आणि त्यांनी ठरलेले कार्यक्रम रद्द केले. काकांना ही बातमी वाचून दाखवली, तर ते म्हणाले, ‘बघ, आजारसुद्धा मी आधी केला.’ काकांचा शंट बसून तेव्हा सहा महिने झाले होते. त्यांचा खवचटपणा परत आला, त्या दिवशी काकूने देवापुढे साखर ठेवली.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. गुरुवारी चाचणी झाली, तिचा वृत्तान्त देतो.

पाऊलवाट यांनी सांगितल्याप्रमाणे आधी मोजमाप केले होते. १० मीटरला २६ सेकंद आणि ३४ पावले लागली होती. ४० मिलिलिटर पाणी काढल्यावर चार तासांनी २१ सेकंद लागले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १६ सेकंद व २२ पावले. वळायला नऊऐवजी पाच पावले पुरली. संध्याकाळी वडिलांनी ‘वीजबिल भरले का’ असे विचारले. दोन वर्षांत त्यांनी पैशाच्या व्यवहाराविषयी विचारलेला तो पहिला प्रश्न होता. संशयात काडीचाही फरक पडला नाही. त्याच रात्री वहीत व्हॉल्व्हची नोंद झाली. रविवारपर्यंत चाल पुन्हा पूर्ववत झाली.

भिषग्वर

एका वेळच्या चाचणीवरून संशयाचा निकाल लावू नये. काढलेल्या पाण्याचा परिणाम काही तास किंवा काही दिवस टिकतो, आणि मनात बसलेला भ्रम तेवढ्यात सुटत नाही. रुग्णालयातील मुक्कामात वृद्धांचा गोंधळ काही दिवस वाढूही शकतो, तो शंटचा दोष समजू नये. आणखी एक गोष्ट सांगतो. आधीपासून दीर्घ मनोविकार असलेल्यांतही हा आजार दडून राहतो. फिनलंडमधील कुओपिओ येथील रुग्णांच्या नोंदींत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या सुमारे तिप्पट आढळले होते. अशा रुग्णांचे पाय अडखळू लागले की सगळा दोष गोळ्यांवर जातो आणि स्कॅन लांबते. धागाकर्त्यांच्या वडिलांना तरुणपणी असा काही त्रास नव्हता असे दिसते, आणि वयाच्या सत्तरीत पहिल्यांदा उद्भवलेल्या संशयाचे शारीरिक कारण शोधणे आवश्यकच होते.

वाकडेबोट

२६ चे १६ झाले, हे मान्य. वीजबिलाविषयी विचारणे मात्र मला आजारापेक्षा बरे झाल्याचे लक्षण वाटत नाही. शुभेच्छा.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

अकरा आठवड्यांनी लिहीत आहे, विलंबाबद्दल क्षमस्व. शंट बसला. पातळी बदलता येणारी झडप घेतली. तिसऱ्या आठवड्यात डोके दुखू लागले तेव्हा फोंडेकर यांचा अनुभव आठवून त्याच दिवशी स्कॅन करून घेतले. रक्त साचलेले नव्हते, पातळी एका टप्प्याने वाढवली आणि डोकेदुखी थांबली. फोंडेकर, आपले विशेष आभार.

चाल आता १० मीटरला १३ सेकंदांवर आहे. अंथरूण आठवड्यातून एखादे वेळीच ओले होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने रिस्पेरिडोन टप्प्याटप्प्याने कमी करून महिन्यापूर्वी बंद केले. एस्सिटॅलोप्रॅम अर्ध्यावर आले आहे. शब्दकोडे ते स्वतःहून मागत नाहीत, पण समोर ठेवले तर सोडवतात, आणि पेनच मागतात. व्हॉल्व्हच्या नोंदी आधी रोज होत्या, मग आठवड्याला दोन झाल्या. गेल्या सतरा दिवसांत एकही नाही. भाडेकरूला मात्र ते अजून नमस्कार करत नाहीत.

मालतीकाकूंचे लिखाण मी आईला वाचून दाखवले. ती काही बोलली नाही. चहाचे असे आहे की वडील तो आता पितात, पण आईने त्याच कपातून आधी एक घोट घेतल्यावरच. पूर्वी तिला याचा राग येई. परवा मी पाहिले, ती कप घेऊन आली, न सांगता घोट घेतला, साखर कमी आहे म्हणाली आणि परत स्वयंपाकघरात गेली.

मालतीबाई_नागपूर

आमच्याकडे ते घोट घेणे सात महिने चालले होते. माझा मधुमेह त्यात वाढला. आईंना म्हणावे, साखर वेगळी ठेवा.